टोपडं आतून कोरडं होतं, दिगू

दिगू, तुझा दहावा अजून व्हायचाय आणि मी तुला लिहायला बसलोय. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, म्हणजे गिऱ्हाईक आत येणार नाही आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटेल, टेलर मास्तर दुःखात आहे. दुःखात आहेच. पण खरं सांगू का, दुःखापेक्षा मला लाज जास्त वाटतेय, आणि ती बोलून दाखवावी असं माणूस आता उरलं नाही. असल्या गोष्टी मी तुलाच सांगायचो. तू आधी खदाखदा हसायचास, मग शिव्या घालायचास आणि मग समोरच्या हॉटेलात चहा सांगायचास, तोही माझ्या नावावर.

तर ऐक. तुझ्या मयताला तुझी आई ओल्या लुगड्यानं, पायी पाण्यातून आली. आणि मी, तुझा सख्खा मावसभाऊ, तिच्या मागून तुझ्या गाडीत कोरडा बसून आलो. सगळ्या वस्तीनं ते पाहिलं. तू एकटाच पाहायचा राहिलास, म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगतो.

हे सगळं त्या पाइपानं केलं. गाडी तू जुनीच घेतलीस, पण दारात आणल्यावर पहिलं काम काय केलंस, तर कंपनीचा हवेचा डबा उचकटून काढलास. चांगला बंद डबा होता, वर बसवलेला, त्याच्यापर्यंत पाणी पोचायची सोय नव्हती. त्याच्या जागी सोलापूरहून तो चकचकीत पाइप आणलास. इंजिनापासून निघून तो खाली वळायचा आणि त्याच्या टोकाला, पुढच्या बंपरच्या मागं, तो शंकूसारखा उघडा फिल्टर. खालची हवा थंड असते, इंजिनाला मोकळा दम मिळतो, गाडी पळते, असं तू माझ्याच टेबलावर माझ्याच खडूनं चित्र काढून मला समजावलंस. त्या टेबलावर एका नवरदेवाच्या सफारीचं कापड पसरलेलं होतं, ते तुला दिसलं नाही. मला त्यातून एवढंच कळलं, की गाडीचं नाक तू कपाळावरून काढून गुडघ्याखाली नेऊन बसवलंयस.

पळण्याचं मला माहीत नाही. तुला खरा हवा होता तो आवाज. पाय दाबला की गाडी सूऽऽ करून हवा ओढायची, आणि तू माझ्याकडं बघायचास. येडशीच्या चौकातून तू वळलास की मी मशीनवरून मान वर न करता बायकोला सांगायचो, चहाचं आधण ठेव, आला.

पण आपल्याकडं ओढ्यांवर पूल कमी आणि फरशा जास्त. रस्ता सरळ ओढ्यात उतरतो आणि पलीकडं चढतो. वर कुठं पाऊस झाला की फरशीवरून पाणी. अशा मुलखात उघडा फिल्टर इतका खाली ठेवायचा म्हणजे काय ते तुलाही ठाऊक होतं. फिल्टर पाण्यात गेला की इंजिन हवेच्या जागी पाणी ओढणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतले रॉड वाकतात आणि गाडी जागच्या जागी मरते. हेही मला तूच सांगितलंस, आणि सांगून झाल्यावर म्हणालास, "म्हणून तर तुझ्याकडं आलोय मास्तर. ह्याला एक टोपडं शिव."

फिल्टरला टोपडं! मी सीटकव्हरं शिवतो, ताडपत्र्यांना काठ मारतो, बायकांचे ब्लाउज शिवतो. गाडीच्या नाकाला टोपडं शिवणारा मी येडशीतला काय, साऱ्या जिल्ह्यातला पहिलाच असेन. आधी छत्रीचं कापड वापरलं. पाणी अडलं, पण गाडीचा दम कोंडला, चढाला काळा धूर सोडायला लागली. मग मांजरपाट घेतलं. त्यानं पाणी पिऊन घेतलं आणि ओलं फडकं फिल्टरला चिकटून बसलं. मग तुझ्या डोक्यात आलं, की ज्यातून फुंकर जाते पण पाणी जात नाही असं कापड हवं, आणि तू माझ्या दुकानात येऊन कापडं फुंकायला लागलास. दिसेल ते उचलायचं, तोंडाला लावायचं, पलीकडं तळहात धरायचा आणि फूऽऽ. एकदा एका मास्तरीणबाईंनी मापाला आणलेला ब्लाउजपीस त्यांच्यासमोर उचललास.

"अहो, काय करायलात हे?" त्या ओरडल्या.

"काय न्हाय ताई, हवा जातीय का बघायलोय."

त्या बाई पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. त्या दिवशी मला इतकी शरम आली होती, की मी तुला कात्री दाखवून बाहेर काढलं. आता वाटतं, ती कसली शरम. ती तर गंमत होती, मजेत जगणाऱ्या माणसांना परवडणारी.

शेवटी कापड सापडलं ते एका जुन्या विंडचीटरचं. फुंकलं की तळहाताला हवा लागायची, वर तांब्या ओतला की थेंब गोळ्या होऊन घरंगळायचे. त्याचं मी टोपडं शिवलं. तळाला इलॅस्टिक, दोऱ्याला मेण घासलं, शिवणीवर पट्टी टाकली, म्हणजे सुईच्या भोकातूनही पाणी झिरपू नये. माझ्या हातचं काम चांगलं झालं की मला कळतं. तुलाही कळलं. तू ते बोटावर चढवून गरागरा फिरवलंस आणि दुकानात बसलेल्या सगळ्यांना दाखवलंस. त्या पावसाळ्यात तू मला आणखी टोपडी शिवायला लावलीस, ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांना धरून धरून आणलंस, आणि माझ्या बंद पडत आलेल्या दुकानात माणसं यायला लागली. त्याबद्दल मी तुला एकदाही चांगलं बोललो नाही. तू खुलशील आणि डोक्यावर बसशील म्हणून बोललो नाही.

वाद पेटला तो टोपड्यावरूनच. मी म्हणायचो, हे शिंतोड्यांसाठी आहे. पुढच्या ट्रकनं पाणी उडवलं, डबक्यातून चाक गेलं, तर हे सांभाळेल. बुडी मारायला हे नाही. आख्खा फिल्टरच पाण्यात गेला तर माझं टोपडं काय करणार, इंजिन ते कापडासकट ओढून घेईल. तू म्हणायचास, "मास्तर, तुझाच तुझ्या शिलाईवर भरोसा न्हाय." भांडून भांडून तू अर्धं ऐकलंस. पाइप मधोमध कापून आणलास आणि जोडाला क्लिप बसवली. पाणी दिसलं की थांबायचं, बंपरखाली शिरून खालचा तुकडा काढायचा, फिल्टर वरच्या तुकड्याला लावायचा, पाणी ओलांडून गेल्यावर पुन्हा खाली. तू हे मला करून दाखवलंस, माझ्याकडून करून घेतलंस, आणि स्वतः मात्र कंटाळा करायचास. म्हणायचास, चिखलात लोळायचंच असेल तर टोपडं कशाला शिवलं?

नाही तरी अर्धा वेळ तू गाडीखालीच असायचास. तुझ्या वस्तीवर आलो की आधी तुझे पाय दिसायचे. आत भाकरी थापून मावशी हाक मारायची आणि तू खालून "झालं, झालं, आलोच" म्हणायचास. पिठलं गार व्हायचं, मावशी पुन्हा हाक मारायची, पुन्हा तेच. तुझी सविता म्हणायची, ह्यांच्या तोंडाला तेवढं एकच वाक्य येतं.

माझ्या आईचा पाय मोडला तेव्हा ह्याच गाडीतून तू तिला धाराशिवला नेलंस. त्या दिवशी सूऽऽ नाही, पळवापळवी नाही. प्रत्येक गतिरोधकाला तू गाडी जवळजवळ थांबवत होतास आणि मागं वळून "मावशी, दुखतंय का?" विचारत होतास. आईनं घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, की दिगूनं मला पाळण्यातून आणलं. मी ऐकलं आणि तुझ्यासमोर ह्या गाडीला पुन्हा भंगार म्हणालो. मला असंच बोलता येतं, तुला ते माहीत होतं असं मी धरून चाललोय.

ह्या खेपेला तू मावशीला आमच्याकडं राहायला सोडलंस. गाडीही ठेवून गेलास, नवी सीटकव्हरं आणि नवं टोपडं करायला, आणि तू बसनं गेलास. मग तुझा फोन आला. पाऊस किती, टोपडं झालं का, असं बोलता बोलता आपण पुन्हा त्याच वादावर आलो. तू म्हणालास, "ह्या खेपेला फरशीवर पाणी आलं की पाइप काढणारच न्हाय. नुसतं टोपडं लावून घालतो, बघच तू." मी कातरकामात होतो, वैतागलेला होतो. मी म्हणालो, "घाल. आणि बंद पडलास की मला बोलवू नकोस." फोन मी ठेवला. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

त्यानंतर आला तो सविताचा फोन. सकाळी धार काढायला बसलास आणि बसल्या जागी गेलास.

मावशीला आम्ही सांगितलं नाही. आपल्याकडं सांगत नाहीत. "दिगूला जरा बरं न्हाय, चल, भेटून येऊ" एवढंच म्हणालो. ती उठली, लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि गाडीत मागं जाऊन बसली. काय होतंय त्याला, कधीपासून, असलं काही तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी मी वाटेत सोयाबीनचं कसं काय, पावसानं शेंगा गेल्या का, असलं काहीतरी बरळत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्या खिशातला फोन सारखा वाजत होता. भावकीतले विचारत होते, कुठवर आलाव, आभाळ पुन्हा भरून यायलंय, दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे.

तेरच्या अलीकडच्या फरशीवर पाणी होतं. ओढ फार नव्हती, माणसं पायी येत-जात होती, त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. मी गाडी थांबवली. आधी वाटलं मागं फिरावं, धाराशिववरून वळसा घालावा. पण तेवढ्यात अंधार पडला असता. नुसतं टोपडं लावून तसंच घालावं, तर मधोमध इंजिन पाणी पिऊन बंद पडणार आणि मागं तुझी आई. तुझा फोन आठवला. मग मी खाली उतरलो, डिकीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तू शिकवलं होतंस तसा बंपरखाली पाठीवर झोपून आत सरकलो.

क्लिप गंजली होती. तू वर्षभर तिला हात लावलेला नव्हतास, हे तिथं कळलं. मी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. तू मेलायस हे मी विसरलो होतो. हात घसरत होते, पाठीखाली चिखल होता, वरून कुणीतरी विचारत होतं की बंद पडली का. शेवटी क्लिप ढिली झाली, तुकडा निघाला, फिल्टर वर बसवला, त्यावर टोपडं चढवलं. उठून उभा राहिलो तर मागचं दार उघडं होतं आणि सीटवर कुणी नव्हतं.

मावशी पाण्याच्या मध्यात होती. लुगडं एका हातात उचलून धरलेलं, दुसरा हात एका अनोळखी बाईच्या हातात. शेतावरून परतणारी बाई असावी, डोक्यावर गवताचा भारा होता तिच्या. मी हाक मारली. मावशीनं मागं बघितलं नाही. गाडी घातली तर लाटेनं ती पडेल, म्हणून ती पलीकडं पोचेपर्यंत मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. पलीकडं तुमच्या वस्तीवरून कुणीतरी आम्हाला बघायला मोटरसायकल घेऊन आलेलं होतं, तिच्यावर ती बसली आणि गेली.

मग मी गाडी घातली. पाणी बंपरला लागलं, वर चढलं, गाडी एकसारखी चालत राहिली आणि पलीकडच्या चढाला लागली. आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. पलीकडं गेल्यावर मी मावशीच्या मागं जायला पाहिजे होतं. मी आधी बॉनेट उघडलं. टोपड्यावर सगळीकडं पाण्याच्या गोळ्या होत्या. मी इलॅस्टिक सारून आत दोन बोटं घातली. आतून कोरडं होतं, दिगू. फिल्टर सकाळी पुसून ठेवल्यासारखा कोरडा. मला इतका आनंद झाला की मी मान वळवून मोठ्यानं म्हणालो, "बघ की!"

कुणाला म्हणालो, ते तुला सांगायला नको.

तुझ्या दारात पोचलो तो त्याच आवाजात. फिल्टर वर असला तरी तो आवाज यायचाच. अंगणात बसलेली सगळी माणसं एकदम रस्त्याकडं वळली. सविता आतून उठून उंबऱ्यापर्यंत आली, मला बघितलं आणि परत आत गेली. मावशी तुझ्या उशाशी बसली होती. तिच्या लुगड्यातून पाणी गळून शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओलं झालं होतं, आणि ते बाजूच्या बायका पदरानं टिपत होत्या. भावकीतला एक म्हातारा, तू ज्याला 'कोर्ट' म्हणायचास तो, माझ्याकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हातारी वली आन गाडी कोरडी. वा रं पाव्हणं!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी सांगू शकलो असतो, की अहो, पाइप काढला नसता तर दोघंही मध्येच अडकलो असतो. ते खरंही होतं. पण बॉनेट उघडून 'बघ की' म्हणालेला माणूस कुठल्या तोंडानं खरं सांगणार? मी कुंपणाशी उभा राहिलो. खांदा द्यायला बोलावलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मातीनं घासले, तरी तुझ्या तिरडीच्या बांबूला माझा डाग लागला. त्या वेळी जवळ असूनही मी तुझं तोंड नीट बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि कुणी बघत नाही असं पाहून पुन्हा तुझ्या गाडीखाली शिरलो. खालचा तुकडा परत जोडला, फिल्टर परत खाली नेला, तुला आवडायचा तिथं. वाद मी जिंकलो होतो ना? मला ते जिंकणं नको होतं. किल्ली सविताच्या हातात दिली आणि बसनं घरी आलो. ह्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवून आलो.

आणि काल सकाळी सविताचा फोन. "भावजी, आत्यांना ताप आलाय. त्या दिवशी भिजल्या तेव्हापासून अंगात कसकस हाय. तेरच्या डॉक्टरांचं औषध लागू पडंना. त्या म्हणतेत, येडशीच्या माझ्या डॉक्टरकडं न्या. घरात गाडी चालवणारं कोण न्हाय आता."

माझ्यामुळं आलेला ताप. मी मिळेल त्या बसनं निघालो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. मावशी, मला माफ कर, असं सरळ म्हणायचं ठरवलं, पण तिला हाताला धरून गाडीत बसवलं, अंगावर घोंगडी टाकली आणि तोंडातून निघालं, "काच लावू का?"

फरशीवर पुन्हा पाणी होतं. रात्री वर पाऊस झाला असणार. मागच्यापेक्षा कमी, पण फिल्टर होता तिथं पोचेल एवढं होतं, आणि तो तिथं मीच माझ्या हातानं परत नेऊन बसवलेला. मी गाडी थांबवली. पाण्याकडं बघत बसलो. माझ्याच्यानं उतरवेना.

"मावशी, धाराशिववरनं जाऊ आपण," मी म्हणालो.

"का?"

"पाणी हाय."

"मग? त्या दिशी काढलास तसं काढ की."

मग मात्र माझं सगळं बाहेर आलं. तू नेहमीसारखा म्हणशील मला, रडका. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुला पाण्यातनं चालावं लागलं. गाडीपायी. मी आधी तुला पलीकडं न्यायला पाहिजे होतं, पाठीवर घेऊन जायला पाहिजे होतं. लोक बोलले ते खरंच हाय. तुला घाई होती आणि मी खाली क्लिप सोडवत पडलो होतो."

ती घोंगडीचा काठ बोटानं चोळत होती. मग म्हणाली, "घाई कशाची रं म्हादू? ल्योक काय उठून जाणार होता व्हय कुठं."

मी मागं वळून बघितलं.

"तू खालनं बोललास," ती म्हणाली. "म्या इचारलं न्हवतं काय, तरी तूच म्हणलास. झालं, झालं, आलोच. बंपरखालनं. पाय तेवढे भायेर. आवाज बी तसलाच तुझा, मावसभाऊ न्हवं का. मला वाटलं, वाकून बघावं एकदा. बघितलं आसतं तर तू दिसला आसतास. म्हणून उतरले आन चालाय लागले."

मी तसं बोललो होतो हे मला आठवतही नाही, दिगू. तुला शिव्या दिलेल्या आठवतात, गंजलेली क्लिप आठवते. ते तुझं वाक्य माझ्या तोंडात कधी आलं, मला पत्ता नाही. त्या ताप आलेल्या बाईपुढं मी कशाची माफी मागत होतो? तिच्या ओल्या लुगड्याची, लोकांच्या बोलण्याची, माझ्या अब्रूची. आणि खरं जे तिला लागलं होतं ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं. जे ठाऊकच नव्हतं त्याची माफी कशी मागायची हे मला अजून समजलेलं नाही. तुला समजलं असतं असंही नाही, पण तू निदान काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला हसवलं असतंस.

तिनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. तळहात तापलेला होता. "जा," म्हणाली. "कर काय करायचं ते. पाणी वाढंल न्हायतर. फकस्त बोलू नगं."

मी उतरलो. डिकीतून स्क्रूड्रायव्हर घेतला, बंपरखाली पाठीवर सरकलो. क्लिप ह्या वेळी लगेच ढिली झाली. परवाच मी तिला तेल दिलं होतं. खालचा तुकडा निघाला. फिल्टर वर नेला, टोपडं चढवलं, इलॅस्टिक सगळीकडून बसलं का ते बोट फिरवून बघितलं. ओठ घट्ट मिटून घेतले होते. तुझं वाक्य खरंच जिभेवर येऊन बसलेलं होतं, आता मला कळत होतं ते.

आणि वरून, खिडकीतून, तिचीच हाक आली. भाकरी झाल्यावर मारायची ना, त्या सवयीची.

"झालं का रं?"

मी खालून उत्तर दिलं नाही. क्लिप आवळली, बाहेर सरकलो, आणि चिखलानं भरलेल्या अंगानं तिच्या खिडकीसमोर जाऊन तिला नीट दिसेल असा उभा राहिलो.